चारशे दहा अंशांचं भांडण

आमच्या घरी गणपतीच्या आरतीला कायम एक माणूस कमी असायचा, आणि तो कमी असण्याचं सगळ्यांना आतून बरंच वाटायचं. बोलून कोणी दाखवायचं नाही, एवढंच. एका वर्षी माझा नवरा रुपेश गावी, वाघजाईवाडीला, यायचा आणि त्याचे मोठे भाऊ, माझे सुरेंद्र भावोजी, कारखान्यात राहायचे. दुसऱ्या वर्षी उलट. गावातली माणसं कौतुकाने म्हणायची, भुवडांचे मुलगे बघा, कंपनीशी किती इमानदार! मी आपली खाली मान घालून मोदक वळत बसायची. इमानदारी कसली, डोंबलाची! दोघांना एका छपराखाली पाच दिवस काढायचे नव्हते, आणि न काढण्याचं शास्त्रीय कारण कारखान्याने त्यांना आयतं दिलं होतं.

ते कारण सांगायचं तर आधी ॲसिडबद्दल बोलावं लागेल. मी दर्शना भुवड, खाडीकाठच्या सागरगंध केमिकल्समध्ये सल्फ्युरिक ॲसिड प्लांटच्या पॅनेलवर बसते, म्हणजे पडद्यांवरचे आकडे बघत प्लांट चालवते. रुपेश आणि भावोजी त्याच प्लांटचे शिफ्ट इन्चार्ज. ॲसिड म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. मला विचाराल तर इतकं कामसू द्रव्य जगात दुसरं नाही. खत, औषध, रंग, कागद, आणि जुन्या बॅटऱ्या विरघळवून त्यातला धातू परत काढणारे हल्लीचे कारखाने, या सगळ्यांना पहिलं लागतं ते आमचं हे जड, तेलकट पाणी. आणि बनतं कशापासून? गंधक, हवा आणि पाणी. बस्स!

गंधक वितळवून भट्टीत फवारायचं, की ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो. त्या वायूला आणखी थोडा ऑक्सिजन चिकटवला की ट्रायऑक्साइड. त्याला पाण्याची जोड दिली की ॲसिड. सांगायला तीन वाक्यं, पण मधलं वाक्य महाहट्टी आहे. वायू तापवला की तो ऑक्सिजन पकडायला धावतो, पण फार तापला की पकडलेला सोडूनही देतो. गार ठेवला तर सोडत नाही, पण मुळात पकडायला जागचा हलतच नाही. म्हणून मध्यस्थ लागतो, कॅटॅलिस्ट. कन्व्हर्टर नावाच्या तीन मजली टाकीत आम्ही बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्यापिवळ्या नळकांड्यांचे थर रचतो. त्यांच्या छिद्राछिद्रांत व्हॅनेडियमचे क्षार वितळून पसरलेले असतात आणि त्या पातळ थरात ही सोयरीक जमते. मात्र तापमान चारशे दहा अंशांच्या खाली गेलं की थंडीत तूप थिजावं तसे ते क्षार थिजतात. मग वायू नुसताच आत शिरतो आणि जसाच्या तसा चिमणीतून बाहेर पडतो.

तिसऱ्या वाक्यातही एक गंमत आहे. ट्रायऑक्साइड नुसत्या पाण्यात सोडला तर ॲसिडचं पांढरं धुकं होतं, ते हातात सापडत नाही आणि आजूबाजूच्या घरांत वाळत घातलेल्या साड्यांना भोकं पाडतं. म्हणून तो अठ्ठ्याण्णव टक्के ॲसिडमध्येच जिरवायचा आणि मग त्या ॲसिडात बेताबेताने पाणी घालायचं. ॲसिड बनवायला आधी ॲसिडच हवं! हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याच्या पाया पडावंसं मला अजून वाटतं.

तर मुद्दा असा, की आमचा प्लांट एकदा तापला की गार होऊ द्यायचा नसतो. बंद करायचा म्हटलं तरी आधी दीड दिवस गरम हवा फिरवून कन्व्हर्टरमधला सगळा वायू धुऊन काढावा लागतो, नाहीतर आत ॲसिड साचून कॅटॅलिस्टचा चिखल होतो. परत सुरू करायला डिझेल जाळून तीन दिवस तापवा. आणि एवढं करूनही सुरुवातीला थोडा वायू सुटतोच, खाडीपलीकडची म्हातारी माणसं खोकून बेजार होतात. म्हणून दिवाळी असो, संप असो, प्लांटवर इन्चार्ज हवाच, आणि बदली माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय त्याने खुर्ची सोडायची नाही. हा आमच्याकडचा देवापेक्षा मोठा नियम.

या नियमात माझी सासू गेली. म्हणजे गेली ती हृदयाने. पण घर तुटलं ते या नियमात.

त्या वर्षी गणपतीचे पहिले दिवस रुपेशचे होते आणि गौरीविसर्जनाच्या सकाळी त्याने कारखान्यात येऊन भावोजींना मोकळं करायचं ठरलं होतं. त्याच पहाटे आई गेल्या. घरात गणपती, बाहेर धो धो पाऊस. दुसऱ्या वाडीतल्या माणसांनी घाईघाईने मूर्तीचं विसर्जन केलं. भावोजींना फोन गेला. त्यांना मोकळं करणारा माणूस आईच्या उशाशी बसला होता. दुसरे इन्चार्ज मुंबईला, तिसरे घाटात दरड कोसळून अडकलेले. भावोजी फोनवर म्हणाले, "मी येईपर्यंत आईला हलवू नका." किती वेळ, तर ते त्यांनाच सांगता येईना. गावातल्या मोठ्यांनी ऐकलं नाही. रुपेशने अग्नी दिला. भावोजी पोचले ते दुसऱ्या दिवशी, आणि अंगणात उभं राहूनच ओरडले, "माझी आई होती रे ती! थोडी वाट बघता आली नाही तुला?" रुपेश म्हणाला, "तुझी आई होती तर तुला कारखाना सोडता आला नाही?"

झालं. तेव्हापासून एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले ते फक्त शिफ्ट बदलताना. "पंप नंबर दोनवर लक्ष ठेव." "हो." एवढंच. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. चूक ना याची ना त्याची, चूक त्या चारशे दहा अंशांची. पण अंशांशी भांडता येत नाही, मग माणसं भावाशी भांडतात.

आणि मग परकार मॅडम आल्या.

त्यांच्या येण्याचं कारण गंधक. पूर्वी गंधक मिळायचं ते तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतून, तेलातून काढून टाकलेला कचरा म्हणून, पिवळे डोंगरच्या डोंगर. रस्त्यावर विजेच्या गाड्या आल्या, तेल कमी झालं आणि डोंगरही आटले. जहाज कधी यायचं, कधी नाही. ज्या प्लांटला थांबणंच माहीत नाही त्याने अशा वेळी करायचं काय? आम्ही निम्म्या ताकदीने, उपाशीपोटी भट्टी धगधगती ठेवत होतो. कंपनी गुंडाळायच्या गोष्टी कॅन्टीनमध्ये उघड व्हायला लागल्या होत्या.

डॉ. नझनीन परकार दाभोळच्या. बुटक्या, चष्मेवाल्या, बोलताना हातातला चहा सांडणाऱ्या. कन्व्हर्टरसमोर उभं राहून त्या आम्हाला म्हणाल्या, "तुमचा कॅटॅलिस्ट वाईट नाही, बिचारा गारठतो. आपण त्याला गारठू द्यायचं नाही." त्यांनी व्हॅनेडियमच्या जोडीला असे क्षार शोधले होते, की ते मिश्रण दोनशे अंशांच्याही खाली पातळ राहत होतं. लाखो मिश्रणं यंत्राने हिशेबात तपासली, त्यातली शेकडो प्रयोगशाळेत फसली आणि एक टिकलं. ते त्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म छिद्रांत असं कोंडलं होतं, की वायू पूर्ण धुतला नाही तरी ओल आत शिरत नव्हती. कमी तापमानात वायू पकडलेला ऑक्सिजन सोडत नाही, म्हणून चिमणीतून जवळपास काहीच सुटत नव्हतं. आणि सुरू करायला तीन दिवस नकोत; पहिल्या थरात विजेच्या तारा, पाऊण तासात प्लांट तयार.

"म्हणजे गॅसच्या शेगडीसारखा?" मी विचारलं. "लावला, बंद केला?"

"अगदी तसाच." चहा सांडला. "फक्त शेगडी सहाशे टनांची आहे."

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. शंभर-सव्वाशे वर्षं जगभरचे लोक ज्या आकड्याला नमस्कार करून मागे फिरले, तो आकडा या बाईने खाली ओढून आणला होता, आणि वर पदराने, म्हणजे ओढणीने, चहा पुसत होती. भावोजी मात्र एका टोकाला कन्व्हर्टरकडे बघत उभे. रुपेशही दुसऱ्या टोकाला हाताची घडी घालून उभा. तेवढ्यात आमचे मॅनेजर गुजरसाहेब उत्साहाने म्हणाले, "चाचण्या नीट झाल्या तर यंदा गणपतीत प्लांट पूर्ण बंद! सगळ्यांनी घरी जायचं!" अख्खी शिफ्ट ओरडली, शिट्ट्या वाजल्या. आणि आमचे दोन भाऊ, एक या टोकाला, एक त्या टोकाला, दोघांचेही चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे.

घरी आल्यावर रुपेशने जेवताना विषय काढला. "बंद वगैरे करू नये. धोका असतो."

"कसला धोका?"

"असतो गं. तुला काय कळतंय?"

"मला? मी पॅनेलवर बसते रुपेश, भाजी विकत नाही. धोका प्लांटला नाही, तुला आहे. दादा समोर बसून जेवणार, त्याचा."

तो ताटावरून उठला. मी वाढलेला भात झाकून ठेवला. राग आला होता, पण खरं सांगते, कीवही आली. पन्नाशीचा बाप्या, आणि भावाच्या भीतीने चोरटा झालेला.

चाचण्यांची जबाबदारी भावोजींवर होती, कारण प्लांट सुरक्षित आहे असं लिहून सही करायची ती ज्येष्ठ इन्चार्जने. ते तशी सही करणार की नाही यावर कंपनीचं नशीब होतं आणि आमच्या घराचंही, हे मला आणि माझ्या जाऊबाईंना, ताईंना, दोघींनाच कळत होतं. ताईंचा फोन रोज यायचा. "काय म्हणतात गं तुझे भावोजी? इथे तर तोंडाला कुलूप."

नवा कॅटॅलिस्ट कन्व्हर्टरमध्ये भरला आणि भावोजींनी त्याचा छळ मांडला. पूर्ण गार करून सुरू करून बघितला. भर पावसात, दमट हवेत बघितला. मुद्दाम अर्धवट धुऊन बंद केला, चार दिवस तसाच ठेवला, मग सुरू केला. दरवेळी ते बाहेर जाऊन चिमणीकडे मान वर करून उभे राहायचे. मी पॅनेलवरून बघायची. मला स्पष्ट दिसत होतं, एकदा तरी धूर यावा म्हणून हा माणूस देवाला साकडं घालतोय. आणि तरीही एका आकड्यात फेरफार नाही, एका चाचणीत खोट नाही. प्रत्येक वेळी पहिला थर तापायचा, गंधकाची निळी ज्योत भट्टीत उठायची, वायू आत शिरायचा आणि चिमणीवर आभाळ स्वच्छ. खाडीपलीकडून कोणी खोकल्याची तक्रार घेऊन आलं नाही.

शेवटच्या चाचणीनंतर मी त्यांच्या खोलीत गेले. परकार मॅडम तिथेच होत्या. भावोजी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "हे तुम्हाला वीस वर्षं आधी का नाही हो सुचलं?"

मॅडमना काय ठाऊक! त्या हसून म्हणाल्या, "वीस वर्षांपूर्वी मी दहावीत होते, भुवडसाहेब. रसायनात काठावर पास."

भावोजी हसले नाहीत. मग त्यांनी मॅडमना आईबद्दल सांगितलं. सगळं. माझ्यासमोर. एकोणीस वर्षांत घरात कोणाला सांगितलं नव्हतं ते एका परक्या बाईला. त्या खुर्चीत बसून त्यांनी तापमानाचे आकडे बघितले आणि गावाकडे चिता पेटली. "उठून गेलो असतो तर?" ते म्हणाले. "तेव्हा खाली पोरगी होती पंपावर, नवीन. भट्टी बिघडली असती तर तिला काही कळलं नसतं. पलीकडे वस्ती. नाही उठलो. मी बरोबर होतो ना मॅडम?"

परकार मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तो जुना कॅटॅलिस्ट असताना कोणीही हेच केलं असतं. माझ्या अब्बांनी बोट सोडली नसती वादळात, तसं. तुम्ही बरोबर होता. पण घरचे चुकले असंही त्यातून निघत नाही."

"सही करता ना भावोजी?" मी विचारलं.

"खोटं कसं लिहू?" ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. मला त्या क्षणी त्या माणसाच्या पायाला हात लावावासा वाटला. मग उठता उठता हळूच म्हणाले, "मात्र मी इथेच थांबणार. पहिलीच वेळ आहे, कोणीतरी हवंच."

"बंद प्लांटवर?"

"कोणीतरी हवंच," ते पुन्हा म्हणाले. वर चढता येईना, खाली उतरता येईना, अशी त्यांची गत होती.

गणपतीच्या आदल्या दिवशी भट्टी विझवली. कारखान्याचा तो सततचा घुं आवाज थांबला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गेटवर गाड्यांची रांग लागली. आंब्याचे टाळे, मखराचे पुठ्ठे, पोरंबाळं, नुसता गोंधळ! गंधकाचा हौद विजेवर तापता ठेवलेला, ॲसिडच्या टाक्यांवर सुरक्षा विभागाची माणसं, बाकी काही काम नाही. आणि कंट्रोल रूममध्ये डोक्याला हेल्मेट घालून एकटे भावोजी.

घर त्या वर्षी भरलेलं होतं. भावोजींची मुलगी जर्मनीहून आली होती, आमचा मुलगा पुण्याहून. पण ताईंचं लक्ष दारात. रुपेश पहिल्या दिवशी फुशारकीने म्हणाला, "दादाला नाही यायचं तर नाही यायचं." दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या दिवशी आरतीला टाळ हातात घेऊन नुसताच उभा राहिला, वाजवायचं विसरला. पूर्वी कारण होतं ना! दादा येत नाही कारण प्लांट चालू आहे. आता प्लांट बंद होता. आता कारण फक्त रुपेश होता, आणि हे अंगणातल्या पोराटोरांनाही दिसत होतं.

गौरीविसर्जनाच्या दुपारी मूर्ती पाटावर घेतली, ढोलवाले आले, आणि रुपेश एकदम म्हणाला, "दर्शना, गाडीची चावी आण. कारखान्यात जाऊन येतो. तूही चल."

 भावकीतले ज्येष्ठ, तात्या, पुढे झाले. "अरे, विसर्जन खोळंबलंय! जाऊन यायला तीन तास लागतील. देवाला असं ताटकळत ठेवतात होय?"

"थांबायचं," रुपेश म्हणाला.

"असं थांबता येत नाही रे बाबा."

"तात्या, मागे एकदा तुम्ही हेच म्हणालात आणि मी ऐकलं." रुपेशचा आवाज फाटला. "आज नाही ऐकणार. देवाला राग आला तर तो माझं आणि त्याचं बघून घेईल. ढोल खाली ठेवा."

 ढोल खाली ठेवले गेले. ताई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

रुपेशने गाडी वाटेत कुठेही थांबवली नाही.  कंट्रोल रूमचं दार ढकललं तेव्हा भावोजी पडद्यासमोर ताठ बसलेले. सगळे पंप शून्य. कन्व्हर्टरचा पहिला थर, एकतीस अंश. आम्हाला बघून ते धडपडत उठले, चेहरा पांढरा पडलेला. "काय झालं? कोण... घरी कोणाला काय झालं?"

"कोणाला काही नाही, दादा. सगळे ठीक आहेत." रुपेश दारातच उभा होता. "तुला मोकळं करायला आलोय. त्या दिवशी यायचं होतं, ते राहिलं."

भावोजी खुर्चीची पाठ धरून उभे. मला वाटलं आता ओरडतील. मी मनात म्हटलं, ओरडा, पण बोला.

"तू कसा येणार होतास?" ते म्हणाले. "आई गेली होती."

"आणि तू तरी कसा येणार होतास?" रुपेश म्हणाला.

एवढंच. एकोणीस वर्षं ज्यासाठी दोन घरांनी वेगवेगळी दिवाळी केली, ते भांडण दोन वाक्यांत संपलं. मला इतकं रडू आलं, आणि इतका रागही आला! म्हटलं, "मेल्यांनो, हे तेव्हा बोलला असता तर काय जीभ झडली असती?" माझ्या सख्ख्या मोठ्या दिरांना मी मेल्या म्हटलं. दोघांनीही ऐकलं नाही.

"वाट बघितली होतीस का रे?" भावोजींनी विचारलं.

"नदीवर नेऊन तासभर ठेवलं होतं तिला. लोक ओरडत होते. मी म्हटलं दादा येतो, येतोच. मग नदीला पाणी चढायला लागलं."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं कुठे? शिव्याच घातल्यास."

भावोजी मान हलवत राहिले. मग म्हणाले, "ये. इकडे ये." आणि आम्हाला प्लांटमध्ये घेऊन गेले. जिना चढून कन्व्हर्टरच्या पहिल्या मजल्यावर, जिथे तपासणीच्या झडपेचं लोखंड उघडं असतं. चालू असताना तिथे पाच हातांवर उभं राहिलं तरी तोंड भाजतं. भावोजींनी हातमोजा काढला आणि पूर्ण तळवा त्या लोखंडावर टेकवला.

"गार आहे," ते म्हणाले. "बघ ना, हात लाव. केवढा गार आहे." आणि त्या सहाशे टनांच्या टाकीवर डोकं टेकवून माझे भावोजी लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. रुपेशने त्यांना मागून घट्ट धरलं. तो रडत होता की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी स्वतःच रडत होते.

निघताना गेटवर भावोजी तीनदा मागे वळले. शेवटी सुरक्षेचे कदमकाका ओरडले, "जा हो साहेब! टाक्यांवर आम्ही आहोत, आणि तुमचं धूड झोपलंय!"

विसर्जन झालं ते दिवेलागणीला. तात्या रागावल्याचं सोंग करत होते, पण ढोल सगळ्यात जोरात त्यांनीच वाजवला. मूर्ती दोघा भावांनी दोन बाजूंनी धरून पाण्यात नेली. जेवणं झाल्यावर दोघं ओटीवर बसले. मी पाणी ठेवायला गेले तेव्हा आईंच्या हातच्या फणसाच्या सांदणांवर वाद चालला होता, त्यात गूळ किती असायचा यावर. भांडण म्हणता येईल असं, पण वेगळ्या जातीचं.

सकाळच्या शिफ्टला प्लांट सुरू करायचा होता आणि दोन्ही इन्चार्जची नावं त्यात होती. मी पहाटे उठले तर दोघं ओटीवरच्या चटईवर तोंडं उघडी टाकून घोरत होते, एकाचा पाय दुसऱ्याच्या अंगावर. मी चपला हातात घेऊन बाहेर पडले.

कंट्रोल रूममध्ये गुजरसाहेब आणि परकार मॅडम घड्याळाकडे बघत उभे. "दर्शनाताई, इन्चार्ज कुठेत?" साहेबांनी विचारलं.

"येतील. आपण सुरू करू. नव्या पद्धतीत पॅनेलवरच्या माणसालाही तो अधिकार आहे, आणि तुम्ही शेजारी आहातच."

"फोन तरी लावा त्यांना!"

"नाही लावणार," मी म्हटलं. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. परकार मॅडमनी मात्र चष्म्याआडून नीट बघितलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

मी तारांना वीज दिली. पहिला थर तापायला लागला. ॲसिडचे पंप फिरले, हवेचा पंखा घुमला. गंधकाची झडप उघडली आणि भट्टीच्या काचेत निळी ज्योत फुलली. दोनशे अंशांच्या जरा अलीकडेच थर आपला आपण तापायला लागला. वायू ऑक्सिजन पकडत होता. शंभर वर्षं जगाला रात्रंदिवस जागं ठेवणारं ते काम, शेगडी पेटवावी इतक्या सहज माझ्या हाताखाली सुरू झालं. मी उठून खिडकीतून चिमणी बघितली. तिच्यावर नुसतं सकाळचं ऊन होतं.

"सुंदर," परकार मॅडम म्हणाल्या आणि चहा सांडला.

पहिलं ताजं ॲसिड टाकीत पडायला लागलं तेव्हा शिफ्टची हजेरी लावायची वेळ झाली होती. मी पडद्यावर नावं उघडली. सुरेंद्र भुवड. रुपेश भुवड. त्या दोघांच्या नावांपुढे आयुष्यात पहिल्यांदा, मी माझ्या हाताने, अगदी आनंदाने लिहिलं: गैरहजर.